भेगाळलेली जमीन आणि पावसाची रेघ

पावसाळा लागला की मराठवाड्यात रोज एकच विचारणा असते: जायकवाडी किती टक्के? वर्तमानपत्रं आणि मोबाइलवरच्या पोस्ट याचं उत्तर चित्रातून देतात. धरणाची भिंत, तिला टेकलेलं निळं पाणी आणि वर टक्केवारी. असं चित्र नुसत्या आकड्यापेक्षा लवकर नजरेत भरतं. पण ‘५० टक्के’ लिहून पाणी भिंतीच्या बरोबर निम्म्यावर रंगवलं, तर चित्र एक सांगतं आणि आकडा दुसरंच.

कारण टक्केवारी पाण्याच्या उंचीची नसते, घनफळाची असते. जलाशय खाली चिंचोळा असतो आणि वर रुंदावत जातो. त्यामुळे वरच्या एका फुटात तळाच्या फुटापेक्षा कितीतरी जास्त पाणी मावतं. टोक खाली असलेला शंकू घेतला आणि निम्म्या उंचीपर्यंत भरला, तर त्यात एकूण मापाच्या फक्त एक अष्टमांश पाणी बसतं. निम्मं पाणी हवं असेल तर उंचीच्या सुमारे ७९ टक्क्यांपर्यंत भरावं लागतं. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, काही शंकू नाही, तो परातीसारखा पसरट आहे. तरी पाणी चढताना त्याचा पसारा वाढतच जातो.

शून्य टक्क्यांचा घोळ याहून मोठा. बातमीतली टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातले सुमारे ७६ टीएमसी उपयुक्त आणि २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे दरवाज्यांतून आपोआप बाहेर न येणारं तळाचं पाणी. म्हणजे ‘जायकवाडी शून्यावर’ अशी बातमी येते तेव्हाही तळाशी बरंच पाणी असतं, आणि दुष्काळात पिण्यासाठी तेच उपसावं लागतं. त्या आकड्यामागे कोरड्याठाक पात्राचा फोटो लावला की वाचक ‘धरणात थेंब नाही’ असं समजून बसतो. त्यापेक्षा तळाचा मृतसाठा वेगळ्या गडद पट्ट्याने दाखवावा आणि टक्के त्या पट्ट्याच्या वरून मोजावेत. एवढ्या एका पट्ट्याने चित्र खरं बोलू लागतं.

चित्रातून आकडे सांगायची शिस्त ऑस्ट्रियाचे समाजशास्त्रज्ञ ऑटो नॉयराथ यांनी घालून दिली. व्हिएन्नामध्ये १९२५ साली त्यांनी समाज आणि अर्थव्यवहार यांचं संग्रहालय उभारलं. सामान्य कामगारालाही आकडेवारी कळावी ही त्यांची तळमळ होती. त्यांचे सहकारी गेर्ड आर्न्ट्झ चिन्हं रेखाटत. कोणती माहिती कशी मांडायची हे सहकारी मारी राइडेमाइस्टर ठरवत. पुढे ही पद्धत ‘आयसोटाइप’ नावाने ओळखली गेली. तिचा मुख्य नियम असा: संख्या वाढली की चित्र मोठं करायचं नाही, चित्रांची संख्या वाढवायची.

लातूरच्या मोंढ्यातली सोयाबीनची आवक दाखवायची आहे असं समजा. आवक दुप्पट झाली म्हणून पोत्याचं चित्र दुप्पट उंच केलं, तर ते रुंदीलाही दुप्पट होतं आणि कागदावर चौपट जागा घेतं. पोतं गोलसर, छाया देऊन काढलं असेल तर मनात ते आठपटही भरू शकतं. एकाच मापाची दोन पोती शेजारी ठेवली आणि एक पोतं म्हणजे किती क्विंटल ते खाली लिहिलं, की प्रश्न मिटतो. वाचक पोती मोजतो, अंदाज बांधत बसत नाही.

स्टीव्ह हॅरोझ, रॉबर्ट कोसारा आणि स्टीव्हन फ्रँकोनेरी या संशोधकांनी २०१५ साली आयसोटाइपसारखे आलेख प्रयोगांतून तपासले. चित्रं स्वतःच आकडा दाखवत असतील, तर वाचकाचं नुकसान होत नाही, उलट लक्षात राहायला काही प्रमाणात मदतच होते. आकड्याशी देणंघेणं नसलेली, नुसती शोभेची चित्रं मात्र लक्ष विचलित करू शकतात. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. चित्र हवं की नको यावर वाद घालण्यापेक्षा ते कोणतं काम करतंय हे विचारायला हवं.

नाव सांगायचं काम चित्र उत्तम करतं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशात साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, आणि मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. बैलजोडी ओळखायला अक्षरओळख लागत नव्हती. आलेखातही ज्वारीचं कणीस, कापसाचं फुटलेलं बोंड, हरभऱ्याचा घाटा ही चित्रं इकडच्या वाचकाला क्षणात कळतात. पण तुरीची आणि हरभऱ्याची डाळ नखाएवढ्या आकारात काढली तर घरच्या बाईलाही फरक सांगता येणार नाही. म्हणून दाणा काढू नये, ज्याची बाह्यरेषा वेगळी दिसते तो भाग काढावा. शेजारी शब्दही हवाच. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या ॲपवर अवलंबून असलेल्या अंध वाचकाला वर्णन न जोडलेलं चित्र ऐकूच येत नाही.

पार्श्वभूमीच्या फोटोबद्दल मी कडक आहे. दुष्काळाचा आलेख म्हटला की मागे भेगाळलेली जमीन ठरलेली. आपल्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रात ठरावीक दिशेच्या कडांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात. ह्युबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांना १९८१ चं नोबेल मिळालं त्यात हा शोध होता. त्या पेशींच्या लेखी जमिनीची भेग काय आणि पावसाच्या आलेखाची रेघ काय, दोन्ही कडाच. मग डोळ्याला आधी त्या भेगांमधून रेघ वेचावी लागते. शिवाय वेबवरच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं असा मान्य निकष आहे. फोटोत एका कोपऱ्यात आभाळ लख्ख आणि दुसऱ्या कोपऱ्यात माती काळी. मग एकाच रंगाची अक्षरं दोन्हीकडे हा निकष पाळणार कशी? त्यात फोटो फॉरवर्ड होताना दाबून लहान केला जातो आणि अक्षरांच्या कडांभोवती धूसर ठिपके उमटतात. फोटो हवाच असेल तर तो आलेखाच्या वर, वेगळ्या चौकटीत द्यावा.

पार्श्वभूमीच माहिती सांगत असेल तेव्हा गोष्ट वेगळी. डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनमधल्या १८५४ च्या कॉलऱ्याचे मृत्यू गल्ल्यांच्या नकाशावर, त्या त्या घरापाशी काळ्या आडव्या रेघांनी मांडले. तिथे नकाशा काढून टाकला तर ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवतीची मृत्यूंची दाटी दिसणारच नाही. मराठवाड्यातल्या गावांचे टँकर दाखवतानाही असाच नकाशा पार्श्वभूमीला घ्यावा, नद्या आणि तलाव फिकट निळ्या रंगात ठेवावेत, रस्ते करड्या बारीक रेघांनी काढावेत आणि गडद रंग फक्त टँकरसाठी राखावा.