हरकत नेमकी कोणाची? कामाच्या जागी समावेशक नेतृत्वाची पार्श्वभूमी

1928 साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. मागण्यांची यादी होत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक गोष्ट लावून धरली: अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घ्या. पगार जास्त होता तो याच खात्यात, आणि तिथेच त्यांना मज्जाव होता. कांडी बदलताना धोट्यातून, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातून, सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे; तोच धोटा सवर्ण कामगाराच्या तोंडाला लागला तर विटाळ होईल, हे त्यामागचे कारण. म्हणून दलित कामगार कमी पगारावर सूतकताईच्या रिंग खात्यात. ही मागणी घेतली नाही तर आपल्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगेन, असे बाबासाहेबांनी बजावले, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीने यादीत घातली. मालकांनी दिलेले उत्तर असे होते: हा अन्याय असेलच, तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

कचेऱ्या-कारखान्यांतली विविधता आणि समान संधी यांची कहाणी आज बहुधा अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यापासून सांगितली जाते. आपल्याकडची कहाणी त्याहून जुनी आहे, आणि तिच्यात गिरणीमालकांचे हे उत्तर वेगवेगळ्या तोंडून पुन्हा ऐकू येते. माझी हरकत नाही, पण माझ्या हाताखालचे लोक ऐकणार नाहीत. नेतृत्वाची परीक्षा खरे तर इथेच होते.

ही परीक्षा 26 वर्षे आधी कोल्हापुरात एका राज्यकर्त्याने दिली होती. शाहू महाराज 1894 मध्ये गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते. 26 जुलै 1902 रोजी हुकूम निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. 50 टक्क्यांचा आकडा सगळ्यांच्या लक्षात आहे. मला त्याच हुकमातले दुसरे कलम तितकेच मोलाचे वाटते. प्रत्येक खातेप्रमुखाने आपण कोणाकोणाला नेमले याचे विवरणपत्र दर तिमाहीला सादर करायचे होते. म्हणजे नियम करून महाराज थांबले नाहीत. तो पाळला जातो की नाही याचा जाब खात्याच्या मुख्य माणसाला विचारला जाणार होता. कनिष्ठ कारकुनांच्या कुरबुरीमागे लपायची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. आणि जागा मिळाली तरी पाणी मिळेलच असे नाही, हेही महाराज जाणून होते. पागेतल्या नोकरीत पाण्याला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि तिथला चहा स्वतः, सर्वांच्या देखत, घेत राहिले.

मुंबईच्या गिरण्यांत असा हुकूम काढणारे कोणी नव्हते. पहिली गिरणी 1850 च्या दशकात ताडदेवला कावसजी दावर यांनी उभी केली, आणि पुढची अनेक दशके कामगार कोण नेमायचा हे मालकाने जॉबरवर, म्हणजे मुकादमावर, सोडून दिले. जॉबर आपल्या गावचे, नात्यातले, जातीतले लोक आणी; काम देताना दस्तुरी, म्हणजे दलाली, घेई, अडीनडीला उसने पैसेही देई. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकिणी, म्हणजे स्त्री-मुकादम, करत. मालकाला कामगार मिळत, हजेरी भरे आणि कोणाला वगळले याचा डाग त्याच्या हाताला लागत नसे. 1931 मध्ये कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने शिफारस केली की नोकरभरती जॉबरकडून काढून कारखान्याने नेमलेल्या श्रम अधिकाऱ्याकडे द्यावी. आजच्या मनुष्यबळ विभागाच्या मुळाशी ही शिफारस आहे. कामावर कोणाला घ्यायचे ही व्यवस्थापनाची स्वतःची जबाबदारी आहे, हे तिने पहिल्यांदा स्पष्ट बोलून दाखवले.

स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा आल्या. अनुसूचित जाती-जमातींसाठी बढतीतल्या आरक्षणाला 1995 मध्ये 77 व्या घटनादुरुस्तीने आधार दिला. खासगी क्षेत्राला मात्र असे बंधन कधीच लागले नाही. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी उद्योगजगताला आवाहन केले, तेव्हा उद्योग संघटनांनी स्वेच्छेने पाळायची आचारसंहिता पुढे केली आणि विषय तिथेच राहिला.

स्त्रियांच्या बाबतीत दारे न्यायालयांनी उघडली. सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. लग्न करायचे तर सरकारची लेखी परवानगी घ्या, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले तर राजीनामा द्या, असे तिथले नियम फक्त बायकांसाठी होते. वरच्या श्रेणीची बढती नाकारली गेल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना बढती दिली, आणि 1979 च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांतल्या भेदभावावर कडक ताशेरे ओढले.

पुढे लष्कराच्या खटल्यात तर 1928 चा युक्तिवाद जवळजवळ जसाच्या तसा उभा राहिला. 1992 पासून लष्कराच्या वैद्यकीय नसलेल्या शाखांत महिला अधिकारी होत्या, पण अल्पमुदतीच्या. त्यांना तुकडीचे नेतृत्व का देता येत नाही? जवान बहुतेक ग्रामीण भागातले पुरुष आहेत, महिला अधिकाऱ्याचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही, असे सरकारने सांगितले. 17 फेब्रुवारी 2020 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनी हा युक्तिवाद फेटाळला आणि स्थायी नियुक्तीबरोबर नेतृत्वाच्या पदांचा मार्गही मोकळा केला. शिस्तीवर उभ्या असलेल्या संस्थेने आपल्याच जवानांच्या आज्ञाधारकपणावर शंका घ्यावी, हे मला आजही खटकते.

कंपन्यांच्या संचालक मंडळांकडे कायदा उशिरा वळला. 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या सर्व आणि काही मोठ्या कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली. मुदत जवळ आली तशी अनेक मंडळांवर मालकाच्याच घरातली पत्नी, मुलगी, सून आली. त्यांतल्या काही जणी कर्तबगार असतीलही, पण मालकाला प्रश्न विचारणारा नवा आवाज मंडळात आला असे काही म्हणता येत नाही. म्हणून शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने पुढचे पाऊल टाकले: 1 एप्रिल 2019 पासून पहिल्या 500 आणि वर्षभराने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांत किमान एक महिला संचालक स्वतंत्र, म्हणजे मालकाशी हितसंबंध नसलेली, असली पाहिजे. 2022-23 पासून याच 1000 कंपन्यांना संचालक मंडळावर, वरिष्ठ व्यवस्थापनात आणि एकूण नोकरवर्गात स्त्रिया किती, अपंग कर्मचारी किती, हे दरवर्षी अहवालात जाहीर करावे लागते.

कर्मचाऱ्यांची किंवा संचालकांची जात विचारणारा रकाना या अहवालात नाही. 2012 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास आला होता. 1000 आघाडीच्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर 90 टक्क्यांहून अधिक जागा उच्च जातींकडे होत्या. अनुसूचित जाती-जमातींकडे सुमारे साडेतीन टक्के. हे मोजण्यासाठी अभ्यासकांना संचालकांच्या आडनावांवरून जात ठरवावी लागली. आज कोणाला तोच अभ्यास पुन्हा करायचा झाला, तर त्याच्याही हाती आडनावांचीच यादी असेल.