मीठ गरम पाण्याला दाद देत नाही

"पाणी गरम केलं की पदार्थ जास्त विरघळतो" हे वाक्य शाळेपासून इतकं घोटलेलं असतं की ते तपासावं असं कुणाला वाटतच नाही. साखरेपुरतं ते खरं आहे. २० अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते, तर उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमच्याही वर. मिठाचं काय? २० अंशांना ३६ ग्रॅम आणि १०० अंशांना ३९. एवढा गॅस जाळून पदरात पडलं तीन ग्रॅम मीठ!

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. विरघळण्याचा वेग वेगळा आणि विरघळण्याची मर्यादा वेगळी. गरम पाण्यात मीठ झटकन दिसेनासं होतं, कारण पाण्याचे रेणू जोरात धडका देतात. पण तळाशी मीठ उरू लागलं, म्हणजे द्रावण संपृक्त झालं, की वेगाचा प्रश्न संपतो. तिथून पुढे चालतो तो ऊर्जेचा जमाखर्च, आणि या विषयातला सगळ्यात देखणा भाग मला हाच वाटतो.

मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एकमेकांना घट्ट धरून असतात. एक मोल, म्हणजे साधारण ५८ ग्रॅम मिठातले आयन पार सुटे करायचे तर सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा लागते. हा खर्च. सुटे झालेले आयन पाण्यात गेले की पाण्याचे रेणू त्यांना घेरतात आणि त्यातून जवळपास ७८३ किलोज्यूल परत मिळतात. ही जमा. एवढ्या मोठ्या उलाढालीत तूट फक्त चारेक किलोज्यूलची, आणि आयन पाण्यात मोकाट पसरल्याने अव्यवस्था वाढते, त्या बळावर ती सहज भरून निघते. बाहेरून उष्णता दिली की समतोल उष्णता शोषणाऱ्या बाजूकडे झुकतो. पण मिठाला शोषायलाच फारसं काही नाही, मग तापमान वाढवून मर्यादा सरकणार तरी कशी?

सोऱ्याची, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटची तूट ३५ किलोज्यूलच्या आसपास आहे. तो विरघळताना भांडं हाताला गार लागतं, आणि त्याची मर्यादा २० अंशांच्या ३२ ग्रॅमवरून १०० अंशांना २४० ग्रॅमच्या पुढे जाते. चुन्याचा हिशेब उलटा: विरघळताना उष्णता बाहेर पडते, म्हणून चुन्याची स्वच्छ निवळी तापवली की गढूळ होते. वायूंना तर फोडायला स्फटिकच नसतो, म्हणजे खर्च जवळपास नाही, जमाच; हिशेब चुन्यासारखाच उलटा. म्हणून गोड्या पाण्यात ० अंशाला लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम मावणारा ऑक्सिजन ३० अंशांना ७.६ वर येतो आणि उन्हाळ्यात तळ्यातले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

उरण-पेणच्या मिठागरांत नुसतं पाणी थंड करून मीठ मिळणार नाही, ते याचमुळे. तिथे पाणी उडवावंच लागतं, तेही सुमारे नऊ-दशांश. तेव्हा कुठे वाफ्यात मीठ धरायला लागतं, आणि त्याआधी जिप्सम (समुद्राच्या पाण्यातलाच कॅल्शियमचा एक क्षार) खाली बसून गेलेलं असतं. घराच्या कोपऱ्यात मिठाच्या पाण्याची वाटी ठेवून तिच्या कडेला चढलेला पांढरा थर म्हणजे "शोषलेली नकारात्मक ऊर्जा" असं सांगणारे मेसेज फिरतात. ते साफ खोटं आहे. कडेवरचं पाणी उडतं, तिथे मिठाचे कण धरतात, त्यांच्या फटींतून आणखी द्रावण वर चढतं आणि थर वाढत जातो. वास्तुदोष असो नसो, मीठ असंच वागणार.

साखरेला मात्र थंडावा पुरतो. साखर कारखान्यात पॅनमध्ये दाणा धरल्यावर शेवटचं दाट मॅसिक्विट, म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचं मिश्रण, क्रिस्टलायझर नावाच्या टाकीत हळूहळू ढवळत थंड करतात. पाण्याची धारणक्षमता उतरत जाते आणि एरवी मळीबरोबर निघून गेली असती ती साखर आधीच्या दाण्यांवर चढत राहते.