ग्रामसभेआधीचा फड

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लोकसहभाग ग्रामपंचायतीपासून सुरू होतो. खानदेशापुरतं बोलायचं तर मी तो पांझरेच्या पाटापासून सुरू करीन.

साक्री-धुळे पट्ट्यात पांझरा आणि तिच्या उपनद्यांवर छोट्या बंधाऱ्यांची साखळी होती. त्यावर चालणारी फड पद्धत तीनेकशे वर्षं जुनी मानली जाते. भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड, पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी पिकांचा फेर बदलायचा. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. म्हणून नदीला पाणी कमी आलं आणि पंचांनी एखादा फड कोरडा ठेवला, की झळ सगळ्यांना सारखी बसे. पाणी सोडायचं ते पाटकऱ्याने, मालकाने स्वतः पाट फोडून पाणी घ्यायचं नाही. पिकाची राखण जागल्याकडे. पाटातला गाळ काढायला मात्र सगळे. हे नियम कोणत्याही सरकारने घालून दिलेले नव्हते, आणि मला या साऱ्यात तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

पण हे नियम ठरवणाऱ्या शेतकऱ्यांच्या सभेत बसायचा हक्क जमिनीमुळे मिळे. भूमिहीन, सालदार आणि बायका बाहेरच राहिल्या.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते यावल तालुक्यातल्या फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. खेड्यातली माणसं हजारोंनी जमली, तरी दोनच महिन्यांनी झालेल्या प्रांतिक निवडणुकीत मतदानाला मालमत्ता, कर किंवा शिक्षणाची अट होती. ती गेली राज्यघटनेने, आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत मिळालं.

पुढचे टप्पे परिचयाचे आहेत : १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, १९६२ पासून जिल्हा परिषदा, १९९३ पासून पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती.

सातपुड्यात मात्र एवढ्याने भागत नव्हतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे एकेक गाव दूरदूरच्या पाड्यांत विखुरलेलं. ग्रामपंचायतीच्या गावी सभेला यायचं तर डोंगर उतरून यावं लागे. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्याने, तिथल्या पाड्यालाही आपली ग्रामसभा भरवायची वाट मोकळी केली आणि गौण वनोपजाची (बांबू, तेंदूपानं यांसारख्या जंगलातल्या उत्पन्नाची) मालकी ग्रामसभेकडे दिली. महाराष्ट्राने याचे नियम केले २०१४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. एवढा उशीर अक्षम्य होता.

इतर गावांत ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. वर्षाचा आराखडा मग त्या मोजक्या माणसांसमोर मंजूर होतो.