एचएलए जुळलं, मग टी-पेशींना खटकतं काय?

"भावाचं सहाच्या सहा मॅच झालंय, मग आयुष्यभर गोळ्या कशाला?" किडनी प्रत्यारोपणाआधी नातेवाईक हे विचारतात, आणि प्रश्न रास्तच आहे. घोळ असा की जुळवलं जातं ते एचएलए, सहाचा आकडाही त्याच्याच खुणांचा. टी-पेशी, म्हणजे परकं ओळखून हल्ला करणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ज्यावर तुटून पडतात ते मात्र दरवेळी एचएलए असतंच असं नाही.

एचएलए म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं. त्यांच्या खाचेत पेशीतल्याच एखाद्या प्रथिनाचा छोटा तुकडा बसलेला असतो. टी-पेशी खाच आणि तुकडा दोन्ही एकदमच तपासते. झिंकरनागेल आणि डोहर्टी या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं, 1996 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

खाचच परकी असली तर भडका मोठा उडतो. अंदाजे 1 ते 10 टक्के टी-पेशी एका परक्या एचएलएविरुद्ध उठू शकतात. नेहमीच्या एखाद्या विषाणूच्या तुकड्याला ओळखणाऱ्या पेशी त्यापुढे नगण्य. मॅचिंग टाळतं ते हे.

खाच सारखी, पण तुकडा वेगळा, हे प्रकरण जास्त चिवट. भावाची किडनी बहिणीला दिली तर वाय गुणसूत्रावरून बनलेली प्रथिनं तिच्या टी-पेशींनी कधी पाहिलेलीच नसतात. शिवाय प्रत्येक ऊतीची प्रथिनं निराळी, त्यामुळे लक्ष्यही ऊतीनुसार बदलतं. एचए-1 हा तुकडा अवघ्या 9 अमिनो आम्लांचा. तिसऱ्या जागी काहींत हिस्टिडीन असतं, काहींत आर्जिनीन, फरक एवढाच. हे प्रथिन मुख्यतः रक्तपेशींत बनतं. म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या टी-पेशी त्यावरून रुग्णाच्या ल्युकेमियाच्या पेशी हेरू शकतात आणि त्वचा, यकृत बऱ्याच अंशी वाचतं. इथे फरक चक्क कामी येतो.

खाच आणि तुकडे दोन्ही एक, असं फक्त एकसारख्या जुळ्यांत. 1954 मध्ये बॉस्टनला सर्जन जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली, ती रिजेक्शन (शरीराने अवयव नाकारणं) रोखणारी औषधं न देता टिकली.

फुफ्फुसात तर आणखी एक गंमत. तिथलं पाच नंबरचं कोलॅजन दाता आणि रुग्ण दोघांतही तेच, पण एरवी झाकलेलं. रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू होताना इजा होते आणि ते उघडं पडतं. मग रुग्णाच्या टी-पेशी आपल्याच ओळखीच्या प्रथिनावर उलटू शकतात. बारीक श्वासनलिका व्रणांनी बुजत जाणाऱ्या जुनाट रिजेक्शनशी याचा संबंध आढळला आहे. यावर कुठलंही मॅचिंग उपयोगी नाही.

आयुष्यभराच्या त्या गोळ्यांपैकी एक म्हणजे टॅक्रोलिमस. त्याला यातलं काहीच बघायचं नसतं. समोर खाच परकी आहे की तुकडा, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ते टी-पेशीच्या आतला, तिला कामाला लावणारा कॅल्सिन्युरिन या प्रथिनाचा संदेशच अडवतं. म्हणून सहाच्या सहा जुळूनही गोळ्या सुटत नाहीत, आणि म्हणूनच संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशीही त्याच गोळीने मंदावतात.