ब्रेकचं पेडल कडक की मऊ?

तोरणमाळला कॅम्पर व्हॅन नेतोय म्हटलं की सगळे एकच विचारतात, "घाट चढेल का?" मला काळजी वाटते ती उतरण्याची. पलंग, पाण्याची टाकी, बॅटऱ्या धरून साडेतीन टनांची गाडी यशवंत तलावाकडून खाली शहाद्याकडे येते. समजा वरपासून खालपर्यंत उंचीतला फरक ९०० मीटरचा आहे. तो नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर जवळपास १०० लिटर पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता तयार होते. मग एखाद्या वळणावर ब्रेक लागेनासा होतो आणि खाली येऊन सगळे सांगतात, "ब्रेक फेल झाला."

पण यात दोन वेगळे बिघाड असतात, आणि फरक पायाला कळतो.

पेडल कडक आहे, जीव खाऊन दाबलं तरी गाडी आवरत नाही, करपल्याचा वास येतोय, तर चाकाची डिस्क दाबून धरणारे ब्रेकचे पॅड तापले आहेत. गाडी थांबवा, चाकाला दगड लावा, निवू द्या. पकड बहुधा परत येते. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका, तडा जाऊ शकतो.

पेडल मऊ पडून पाय खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. हा प्रकार जास्त घातक. ऑइल दाबलं जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफेचे बुडबुडे मात्र दबतात आणि जोर तिथेच जिरतो. अशा वेळी पेडल भराभर पंप करायचं आणि गिअर खाली आणायचा. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सियस असतो, ओल मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. कॅम्पर वर्षातून दोनदा निघते, किलोमीटर पडत नाहीत, म्हणून ऑइल बदलायचं राहून जातं. किलोमीटर बघूच नका, दर दोन वर्षांनी बदला.

दोन्ही टाळायला उपाय एकच, खालचा गिअर, म्हणजे इंजिनच गाडी आवरून धरतं. धुळ्याचे मामा ट्रक चालवायचे, ते सांगत, "भाचा, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर." तोही उतार लागण्याआधीच टाकायचा.

शहाद्याच्या मेकॅनिकला नुसतं "ब्रेक फेल" सांगू नका, पेडल कसं होतं ते सांगा. नाहीतर तो नवे पॅड टाकेल, निवलेलं पेडल ठीक लागेल, आणि तेच ओल मुरलेलं ऑइल घेऊन तुम्ही पुढच्या मुक्कामाला चांदसैली घाटात शिराल.