पुण्यातला 'वॉर्ड' कधी गेला आणि प्रभाग कसा आला

2007 ची निवडणूक ही पुणे महापालिकेची शेवटची निवडणूक, ज्यात एका वॉर्डातून एकच नगरसेवक निवडून आला. तेव्हा 144 वॉर्ड होते. आज कोणी म्हटलं की आमच्या जुन्या वॉर्डाचा निवडणुकीचा इतिहास सांगा, तर तो 2007 लाच येऊन थांबतो, कारण त्यानंतर तो वॉर्डच उरला नाही.

पण 2007 च्या आधीही सगळं सरळ नव्हतं. 1997 पर्यंत एक वॉर्ड एक नगरसेवक, मग 2002 ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने तीन सदस्यांचा प्रभाग आणला, म्हणजे एका मोठ्या भागातून तीन नगरसेवक, पाच वर्षांत तो गुंडाळून 2007 ला परत वॉर्ड केले, 2012 ला दोनचा प्रभाग म्हणजे 76 प्रभाग आणि 152 नगरसेवक, आणि 2017 ला भाजप सरकारच्या काळात थेट चारचा. दर वेळी हद्दी नव्या, नंबर नवा. एकच गल्ली चार निवडणुकांत चार वेगळ्या नंबरांखाली मतदान करते, मग जुन्या निकालाशी तुलना करणार तरी कशी? म्हणून लोक फक्त शहराचे आकडे लक्षात ठेवतात. 2007 ला कोणालाच बहुमत नाही आणि राष्ट्रवादी, शिवसेना, भाजप एकत्र येऊन 'पुणे पॅटर्न' झाला, 2012 ला राष्ट्रवादी 51 आणि मनसे 29 वर, 2017 ला तीच मनसे 2 वर आली आणि 162 पैकी शंभरच्या जवळपास जागा भाजपकडे गेल्या.

चारच्या प्रभागात होतं काय ते नीट समजून घ्यायला हवं. प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेची लढत वेगळी आणि मतदाराने चार मतं द्यायची. 2011 पासून राज्यात महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, त्यामुळे चारात दोन महिला सहज बसतात, आणि सोडतीत पूर्ण वॉर्ड आरक्षित झाला म्हणून कोणाला घरी बसायची वेळ येत नाही, शेजारची जागा असते. ही बाजू खरी आहे. पण चारही जागांवर मिळून लढणारं पॅनल उभं करायला पक्ष लागतो, पैसा लागतो, आणि पूर्वी एका पेठेतल्या ओळखीवर निवडून येणारा अपक्ष इथे टिकत नाही. आताच्या रचनेत एका प्रभागाची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेप्रमाणे सरासरी 84 हजाराच्या आसपास जाते, एवढ्या लोकांपर्यंत पायी फिरून कोण पोचणार. आणि ड्रेनेज तुंबलं की चौघांपैकी नेमकं कोणाला पकडायचं हे कोणालाच कळत नाही, मला तर हे सगळ्यात मोठं नुकसान वाटतं.

मुंबईत हा प्रकार नाही. तिथे महापालिकेचा 1888 चा स्वतंत्र कायदा आहे आणि 227 वॉर्ड, 227 नगरसेवक. पुणे आणि बाकीच्या महापालिका 1949 च्या कायद्याखाली येतात आणि बदल होतात ते तिथेच.

महाविकास आघाडीने आल्या आल्या एक सदस्याचा वॉर्ड परत आणायचं ठरवलं होतं, कायदाही केला, पण 2021 मध्ये स्वतःच तीनचा प्रभाग केला. पुण्यासाठी 173 जागांची रचना तयार झाली, तेवढ्यात सरकार बदललं आणि ऑगस्ट 2022 मध्ये शिंदे सरकारने परत चारवर नेलं. तिकडे ओबीसी आरक्षणाचा खटला सुप्रीम कोर्टात, इकडे मार्च 2022 मध्ये मुदत संपून महापालिकेवर प्रशासक. जवळजवळ चार वर्षं शहराला एकही नगरसेवक नव्हता! शेवटी मे 2025 मध्ये कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, 165 जागांचे 41 प्रभाग ठरले, चाळीसात चार चार आणि एकात पाच, आणि 15 जानेवारी 2026 ला पुणेकरांनी परत चार चार बटणं दाबली.