कोश्यारींचे राजभवन आणि बारा नावांची यादी : पार्श्वभूमी

भगतसिंह कोश्यारी ५ सप्टेंबर २०१९ रोजी महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून राजभवनात आले, तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. संघाचे कार्यकर्ते, आणीबाणीत तुरुंगवास, २००१-०२मध्ये चार महिने उत्तराखंडचे मुख्यमंत्रिपद, पुढे राज्यसभा आणि लोकसभा असा त्यांचा प्रवास. अडीच महिन्यांतच देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा २३ नोव्हेंबरचा ‘पहाटेचा शपथविधी’ झाला. खरे तर शपथ सकाळी आठच्या सुमारास झाली. पहाटे उठली ती राष्ट्रपती राजवट.

ते सरकार पडून उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. एप्रिल २०२०मध्ये या नव्या मुख्यमंत्र्यांना राज्यपालनियुक्त जागेवर विधान परिषदेत घेण्याची शिफारस मंत्रिमंडळाने केली. सहा महिन्यांत आमदार होण्याची घटनात्मक मुदत मे महिन्यात संपत होती. राजभवनाने शिफारस मान्यही केली नाही, फेटाळलीही नाही. शेवटी परिषदेची रखडलेली निवडणूक लावून तो पेच सुटला. पुढच्या मोठ्या वादाचे बीज इथेच आहे.

जून २०२०मध्ये राज्यपालनियुक्त बारा जागा रिकाम्या झाल्या आणि ६ नोव्हेंबरला सरकारची यादी राजभवनात पोहोचली. घटनेच्या १७१व्या अनुच्छेदानुसार या जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारांसाठी आहेत. यादीत लोकगायक, अभिनेत्री आणि शेतकरी नेते होते, तसे निव्वळ राजकीय पुढारीही होते, ही टीका रास्त होती. पण त्यावर उपाय साधा होता : कारणे लिहून यादी परत पाठवणे. तसे झाले नाही. ‘राज्यपालनियुक्त’ या शब्दानेही बराच घोळ घातला. नियुक्ती राज्यपालांच्या सहीने होत असली, तरी निवड मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते. मर्जी राज्यपालांची, असा समज मात्र रूढ झाला आणि तो दूर करण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही.

१३ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की राज्यपालांनी वाजवी मुदतीत निर्णय घ्यायलाच हवा आणि आठ महिने पुरेसे होते. राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसल्याने थेट आदेश मात्र देता आला नाही. यादी तशीच पडून राहिली. मौन हाही निर्णयच असतो, आणि त्याचा फायदा कुणाला झाला हे उघड आहे.

मंदिरे उघडण्यावरून मुख्यमंत्र्यांना लिहिलेले पत्र, मुंबईतल्या गुजराती-राजस्थानींविषयीचे विधान आणि त्यावरची माफी, नोव्हेंबर २०२२मधले छत्रपती शिवाजी महाराजांविषयीचे उद्गार, यांनी रस्त्यावरचा रोष ओढवला. घटनेच्या दृष्टीने अधिक गंभीर ठरला तो शिवसेनेतल्या बंडानंतर ठाकरे सरकारला दिलेला जून २०२२मधला बहुमत चाचणीचा आदेश. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो समर्थनीय नसल्याचे म्हटले. मात्र मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिलेला असल्याने जुने सरकार परत आणता येणार नव्हते. त्याआधीच, फेब्रुवारी २०२३मध्ये, कोश्यारींचा राजीनामा स्वीकारला गेला होता.

यादीचे काय झाले? सत्ताबदलानंतर सप्टेंबर २०२२मध्ये एकनाथ शिंदे यांच्या नव्या सरकारने ती मागे घेतली आणि राजभवनाने ती लगेच परत केली. बावीस महिने हलला नव्हता तो कागद! पुढे ऑक्टोबर २०२४मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर, बारापैकी सात जागा भरल्या गेल्या. जुनी यादी मागे घेण्याला दिलेले आव्हान जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळले.